एमसीबी ६३ चा की १०० चा? आधी बॅटरी किती फेकते आणि तार किती सोसते ते बघा

यावल तालुक्यातल्या एका भाऊंनी प्रश्न विचारलाय, तो आधी थोडक्यात सांगतो. त्यांनी केळीचे घड बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत आणायला घरीच तीनचाकी इलेक्ट्रिक गाडी बनवली. मागं ई-रिक्षाची २००० वॅटची डिफरन्शियल मोटर, कंट्रोलरवर (मोटरला करंट मोजून देणारी पेटी) ६० अँपिअर लिहिलेलं, बॅटरी लिथियम फॉस्फेटची १०० एएच, २४ सेल सिरीजमध्ये पण १२-१२ च्या दोन पेट्या, एक सीटखाली आणि एक ट्रॉलीखाली. मेन लाईनला घरात असतो तसा ६३ अँपिअरचा सिंगल पोल एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) आणि १० स्क्वेअरची, म्हणजे १० चौरस मिलिमीटरची वायर. सकाळी गाडी मस्त चालते, दुपारी तिसऱ्या-चौथ्या फेरीला नाल्यातून वर चढताना एमसीबी पडतो. दुकानदार म्हणतो १०० चा टाका, मित्र म्हणतो बीएमएस (बॅटरीचे सेल सांभाळणारं सर्किट) आहे ना मग एमसीबी काढूनच टाका. कोणाचं ऐकू?

भाऊ, दोघांचंही ऐकू नका. आणि राग मानू नका पण प्रश्नच थोडा बदलायला लागेल. तुम्ही विचारताय की मोटर किती अँपिअर खाते त्याप्रमाणे एमसीबी कितीचा लावू. खरा प्रश्न असा आहे की उद्या तुमची मेन वायर चासीला घासून कुठं शॉर्ट झाली तर तुमची बॅटरी किती करंट फेकेल, आणि तो करंट तोडायची ताकद त्या डबीत आहे का. ६३ की १०० हा आकडा त्याच्या नंतर येतो. मी जळगावला आधी पंपाच्या मोटरी वाइंडिंग करायचो, आता बरीच वर्षं ई-रिक्षा आणि अशा घरी बनवलेल्या गाड्यांचंच काम जास्त करतो, आणि माझ्याकडे जळून आलेल्या गाड्यांमध्ये मोटर जळलेल्या कमी आणि वायरिंग जळलेल्या जास्त असतात.

तुम्ही शेतकरी आहात म्हणून पंपाच्या पेटीवरून सांगतो. विहिरीवरच्या पेटीत दोन वेगळ्या गोष्टी असतात, एक किटकॅट किंवा एचआरसी (मोठा शॉर्ट करंट तोडणारा) फ्यूज आणि दुसरा स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले. पंपात कचरा अडकला, फेज गेला, मोटर जास्त करंट खायला लागली तर रिले पाडतो. केबल कुठं कापली, सरळ शॉर्ट झाला तर फ्यूज उडतो. रिले मोटरीसाठी, फ्यूज तारेसाठी. गाडीत पण तेच आहे. मोटरीची काळजी घ्यायचं काम कंट्रोलरच्या करंट लिमिटचं आणि मोटरमध्ये टेम्परेचर सेन्सर असेल तर त्याचं. फ्यूजचं काम एकच, तार पेटायच्या आत सर्किट तोडणं. ही दोन कामं एकाच डबीकडून करून घ्यायला गेलो की तुमच्यासारखं होतं, रोजच्या कामात ती डबी त्रास देते आणि खऱ्या वेळेला कामाला येईल याची खात्री नसते.

मोटर फ्यूजनं का वाचत नाही ते समजून घ्या, कारण इथं भल्याभल्यांचा घोळ होतो. बॅटरीतून निघणारा करंट आणि मोटरच्या तीन जाड फेज वायरीत जाणारा करंट एक नसतो. समजा पावसाळ्यात गाडीचं चाक काळ्या मातीत रुतलं, तुम्ही थ्रॉटल पूर्ण दिलाय आणि चाक जागचं हलत नाहीये. तेव्हा कंट्रोलर मोटरला उदाहरणार्थ फक्त १० व्होल्ट देतोय पण करंट १५० अँपिअर. म्हणजे १५०० वॅट झाले, आणि तेच १५०० वॅट ८० व्होल्टच्या बॅटरीकडून जेमतेम १९ अँपिअरनं येतात. मोटर आतून भाजून निघतेय आणि फ्यूजला वाटतं गाडी आरामात चाललीय. म्हणून मोटर वाचवायला लहान फ्यूज लावतो असं कोणी म्हणालं तर त्याला हे उदाहरण सांगा.

आता तुमचा एमसीबी का पडतो. तुम्ही स्वतःच लिहिलंय की सकाळी नाही पडत, दुपारी पडतो, तेही पहिल्या फेरीला नाही. यातच अर्धं निदान आहे. शॉर्ट असता तर वेळ-काळ न बघता पडला असता. एमसीबीच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते, ती करंटनं तापून वाकते आणि खटका पाडते. ती पट्टी ३० डिग्रीच्या हिशोबानं सेट केलेली असते. नियम असा की ३० डिग्रीला १.१३ पट करंट तासभर गेला तरी पडू नये आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडावा. म्हणजे ६३ चा एमसीबी तिथं ७१ अँपिअर तासभर झेलतो. पण आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेरच ४४-४५ असतं, सीटखाली पत्र्याच्या पेटीत कंट्रोलरच्या शेजारी ६० सहज होतं, मग पट्टी आधीच अर्धी वाकलेली. त्या गरमीत ६३ चा एमसीबी साधारण ५०-५५ च्या एमसीबीसारखा वागतो. त्यात त्याच्या स्क्रूखाली वायर नीट आवळलेली नसेल तर त्या जॉइंटची गरमी पण त्याच पट्टीला लागते. एमसीबी खराब नाहीये, तो त्याच्या जागी बरोबर वागतोय, फक्त ही जागा त्याची नाही.

आणि जागा त्याची नाही याचं मोठं कारण गरमी नाही, डीसी आहे. घरातला एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. एमसीबीचे पॉइंट उघडले की मध्ये ठिणगीचा धागा तयार होतो, तो करंट शून्यावर आला की आपोआप विझायला बघतो. डीसीत शून्य येतच नाही. पॉइंट उघडले तरी ठिणगी लांब होत जाते आणि करंट चालूच, वेल्डिंग करताना रॉड थोडा उचलला तरी ज्वाळ टिकते ना, तसंच. काही चांगल्या कंपन्या त्यांच्या एसी एमसीबीला पोलमागं किती डीसी व्होल्ट चालतील ते कॅटलॉगमध्ये देतात, बहुतेक वेळा तो आकडा ४८ ते ६० च्या आसपास असतो. तुमचे २४ सेल फुल चार्ज झाले की ३.६५ च्या हिशोबानं ८७.६ व्होल्ट होतात. लोक ७२ व्होल्टची गाडी म्हणतात आणि तोच आकडा धरून बसतात, पण फ्यूज, एमसीबी, कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा मोठा स्विच) सगळं निवडायचं ते फुल चार्जच्या व्होल्टेजवर.

आता तुमची बॅटरी किती फेकेल याचा हिशोब करू, अवघड नाही. १०० एएचच्या चांगल्या फॉस्फेट सेलचा आतला रेझिस्टन्स साधारण ०.३ ते ०.५ मिलीओहम असतो. २४ सेलचे झाले समजा १० मिलीओहम. सेल जोडणाऱ्या पट्ट्या, नटबोल्ट, बीएमएसचे मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि मेन वायर मिळून आणखी ५ धरा. एकूण १५ मिलीओहम. ८० व्होल्ट भागिले ०.०१५ म्हणजे ५ हजार अँपिअरच्या वर. नवीन सेल असतील, पट्ट्या जाड असतील तर त्याहून जास्त. लेड ॲसिडच्या चार बॅटऱ्यांवर काम करून आलेल्या मिस्त्रीला हा आकडा पटत नाही कारण तिथं साधारण २ हजारापर्यंत जातं. एमसीबीवर चौकोनात १०००० छापलेलं असतं ते बघून लोक म्हणतात दहा हजार तोडतो की, पण तो आकडा २४० व्होल्ट एसीचा आहे, तुमच्या डीसीला तो लागू नाही.

आता दुकानदाराचा १०० चा सल्ला बघा. त्यानं दुपारचं पडणं बंद होईल हे खरं. पण मागं तुमची वायर १० स्क्वेअर आहे. मोकळ्या हवेत ३० डिग्रीला तिला फार तर ६०-७० अँपिअर झेपतात, आणि पीव्हीसी वायरला ५० डिग्रीच्या हवेत ०.७१ नं गुणायचं असतं, म्हणजे उरले ४३-५० अँपिअर. पाइपमध्ये घातली किंवा बाकीच्या वायरींबरोबर टेपनं गुंडाळली तर अजून कमी. म्हणजे १०० चा लावल्यावर ८०-९० अँपिअर कितीही वेळ गेले तरी एमसीबी गप्प आणि वायरीचं इन्सुलेशन मऊ होत बसेल. आज जी वायर एमसीबीमुळे वाचतेय ती मग कोणामुळेच वाचणार नाही.

आणि मित्राचा सल्ला, बीएमएस आहे तर काही नको. बीएमएसमध्ये करंट तोडायला मॉसफेट असतात. साधा ओव्हरकरंट असेल तर ते तोडतात, चांगला बीएमएस शॉर्ट पण तोडतो, मी नाही म्हणत नाही. पण मॉसफेट मेला की बहुतेक वेळा तो शॉर्ट होऊनच मरतो, म्हणजे दरवाजा उघडाच राहतो, आणि गाडी चालत राहते त्यामुळे तुम्हाला कळत पण नाही की रखवालदार गेलाय. शिवाय बीएमएस निगेटिव्हला, आणि त्याच्या आधीच्या भागात काही झालं तर त्याच्या हातात काहीच नाही. म्हणून बीएमएस रोजच्या कामाला आणि फ्यूज शेवटच्या दिवसाला, दोन्ही पाहिजेत.

मग कोणता फ्यूज. इथं अँपिअरच्या आधी दोन गोष्टी वाचायच्या, डीसी व्होल्ट आणि किती केए (म्हणजे किती हजार अँपिअर) तोडतो ते. कार ऑडिओच्या दुकानात मिळतो तो एएनएल फ्यूज दिसायला दणकट असतो पण बहुतेकांवर ३२ व्होल्ट लिहिलेलं असतं. गाडीतला पाकळीचा ब्लेड फ्यूज पण ३२ चा. मेगा फ्यूज ७० व्होल्टपर्यंतचे मिळतात, तुम्हाला तेही कमी पडतात. ३२ व्होल्टचा फ्यूज ८० व्होल्टला लावला तर काय होतं हे मी डोळ्यानं पाहिलंय. एका गाडीत चार्जिंग पोर्टच्या लाईनला ३० चा ब्लेड फ्यूज होता, वायर फ्रेमच्या कडेला घासून शॉर्ट झाली, फ्यूजची पट्टी वितळली खरी पण वितळलेल्या जागी आर्क धरला आणि फ्यूज, होल्डर, अर्धा फूट वायर सगळं जळत गेलं. मालक गाडीपाशीच उभा होता म्हणून पोर्ट उपटून काढला. नंतर तो मला विचारतो, फ्यूज तर उडाला ना मग आग कशी लागली. फ्यूज वितळणं आणि करंट तुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरची भीती मला अजून आठवते म्हणूनच एवढं लांब लिहितोय.

तुमच्या व्होल्टेजला दोन प्रकार मी वापरतो. एक क्लास टी, त्यावर १२५ व्होल्ट डीसी आणि २० केए असं रेटिंग असतं, ऑनलाइन मिळतो, महाग आहे. दुसरा पॅनेलवाल्यांकडे मिळणारा एचआरसी फ्यूज, डीआयएन टाईप, सर्वात छोट्या साईजचा, त्याच्या बेससकट. पण घेताना डबीवर किंवा फ्यूजवर डीसीचं रेटिंग छापलेलं आहे का बघायचं, बऱ्याच चांगल्या कंपन्यांच्या फ्यूजवर २५० व्होल्ट डीसी लिहिलेलं असतं. नुसतं एसीच लिहिलेलं असेल तर ठेवून द्या. या फ्यूजच्या आत वाळू भरलेली असते, पट्टी वितळली की आर्कच्या गरमीनं ती वाळू काचेसारखी होऊन आर्क गिळून टाकते, सगळी करामत त्या वाळूची आहे. म्हणून उडालेला एचआरसी परत भरून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका आणि वरून तार तर अजिबात गुंडाळू नका. साक्रीकडचा एक पोरगा गाडी घेऊन आला होता, होल्डरवर तांब्याची तार पाहून मी विचारलं हे काय, तर म्हणे "फ्यूज रोज उडे, मंग मी तारच गुंडाळी दिधी." त्याच्या गाडीत वायर सीटच्या बिजागरीत चिमटत होती, रोज फ्यूज तेच सांगत होता.

आता सोलरचा डीसी एमसीबी चालेल का असं कोणीतरी विचारणारच, कारण सोलर पंप गावोगाव झाल्यापासून तो सगळीकडे मिळतो. स्विच म्हणून चांगला आहे, मी पण लावतो. पण नीट बघा, त्याच्या टर्मिनलपाशी प्लस-मायनस छापलेलं असेल तर तो एकाच दिशेच्या करंटसाठी आहे. आत एक चुंबक असतो जो आर्कला ढकलून विझवायच्या जागेत नेतो. करंट उलटा असेल तर तो आर्कला उलट्या बाजूला ढकलतो आणि एमसीबी आतून जळतो. आपल्या गाडीत ब्रेक लावल्यावर रिजन (मोटरनंच बॅटरी चार्ज करणं) चालू असेल तर करंट उलटा बॅटरीकडे येतो, चार्जिंग त्याच लाईनवरून असेल तरी उलटा येतो. म्हणून घ्यायचाच तर प्लस-मायनसची भानगड नसलेला घ्या, आणि फ्यूजच्या जागी नाही, फ्यूजच्या जोडीला.

किती अँपिअरचा? तुमचा कंट्रोलर ६० म्हणतो. पण स्टिकरवरचा ६० आणि खरा ६० यात फरक निघतो, म्हणून डीसी मोजणारा टाँग टेस्टर लावून भरल्या गाडीनं नाला चढून बघा. साधा टाँग टेस्टर फक्त एसी मोजतो, घेताना विचारून घ्या. समजा चढावर खरंच ६० येतात आणि सपाटीवर २५-३०. तर मी ८० चा फ्यूज लावेन. सतत चालणारा करंट फ्यूजच्या पाऊण पटीच्या आत राहावा हा साधा अंदाज, ८० ची पाऊण पट ६० च होते, आणि तुमचे ६० तर सतत नाहीतच, त्यामुळे पेटीतल्या गरमीचं मार्जिन पण राहतं. ८० चा फ्यूज ८१ ला उडत नाही हे लक्षात ठेवा, दीडपट करंटला पण त्याला बराच वेळ लागतो, पण ५ हजार आले की काही मिलीसेकंदात काम संपवतो. आपल्याला तेच हवंय.

वायर मग २५ स्क्वेअर करा. ती मोकळ्या हवेत ११० च्या पुढं झेलते, आपल्या उन्हाळ्यात ८० च्या आसपास, म्हणजे फ्यूजशी जोडी जमते. नियम सोपा आहे, वायर कधीही फ्यूजपेक्षा कमजोर नको. वेल्डिंग केबल लवचिक असते म्हणून चांगली, फक्त बाजारात ॲल्युमिनियमची वेल्डिंग केबल पण तशीच दिसणारी विकतात, आणि तांब्याचा मुलामा दिलेली पण. दोन तारा ब्लेडनं खरवडा, आत पांढरी निघाली तर परत द्या. टोकाला थिंबल (बोल्टखाली बसणारं धातूचं टोक) हायड्रॉलिक क्रिंपिंगचं लावा, हातोडीनं ठोकलेलं नको.

या थिंबलवर थोडं थांबतो कारण इथं कुठलाच फ्यूज मदतीला येत नाही. एखादा जॉइंट ढिला आहे आणि त्याचा रेझिस्टन्स १० मिलीओहम झालाय. ५० अँपिअर गेले की त्या एका बोल्टवर २५ वॅट गरमी, म्हणजे सोल्डरिंगची २५ वॅटची इस्त्री तिथं कायमची टेकवून ठेवल्यासारखं. फ्यूजला दिसतात फक्त ५० अँपिअर, तो कशाला उडेल. बॅटरी पेटीतलं प्लास्टिक मात्र पेटू शकतं. म्हणून महिन्यातून एकदा भरली गाडी चालवून आल्या आल्या सगळ्या जॉइंटचं टेम्परेचर बघायचं. करोनात घेतलेली कपाळावर धरायची गन इथं चालत नाही, ती ताप मोजण्यापुरतीच असते, कामाची इन्फ्रारेड गन वेगळी मिळते. शेजारच्या जॉइंटपेक्षा एखादा १५-२० डिग्री जास्त असेल तर तो उघडा, घासा, परत आवळा.

फ्यूज कुठं लावायचा हे कितीचा लावायचा याच्याइतकंच महत्त्वाचं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभरात. डॅशबोर्डपाशी लावला, हाताशी राहतो म्हणून, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची दीड मीटर वायर उघडीच, तिच्यात शॉर्ट झाला तर करंट फ्यूजमधून जातच नाही.

आणि तुमच्या दोन पेट्या. समजा एकच फ्यूज पहिल्या पेटीच्या पॉझिटिव्हला आहे. दोन पेट्या जोडणारी केबल ट्रॉलीखालून जाते, तिचं इन्सुलेशन घासलं आणि ती मेन निगेटिव्हला टेकली. आता शॉर्ट झाली ती फक्त दुसरी पेटी, १२ सेल, करंट त्या पेटीतल्या त्या पेटीत फिरतो आणि पहिल्या पेटीवरच्या फ्यूजला पत्ताच नाही. म्हणून दोन पेट्या असतील तर दोन फ्यूज. एक मेन पॉझिटिव्हला पेटीतून निघायच्या आधी, दुसरा मेन निगेटिव्हला, बीएमएसच्या पुढं पण पेटीतून बाहेर पडायच्या आधी. दुसरा फ्यूज दोन पेट्यांच्या मध्ये का नाही? तो मध्ये असला आणि लोडवर उडाला तर बीएमएसच्या त्या जागच्या दोन सेन्स वायरींमध्ये (सेलचं व्होल्टेज मोजणाऱ्या) अख्ख्या पॅकचं व्होल्टेज येऊ शकतं आणि बीएमएस जळतो. दोन टोकांना दोन लावले की केबल कुठंही टेकली तरी कुठला ना कुठला फ्यूज मध्ये येतो.

त्याच केबलबरोबर बीएमएसच्या बारीक सेन्स वायरी पण दुसऱ्या पेटीत जात असतील. त्यांच्याकडे कोणी बघत नाही. त्या थेट सेलला जोडलेल्या असतात, मेन फ्यूज त्यांच्या वाटेत नाही. प्रत्येकीला सेलपाशीच अर्ध्या-एक अँपिअरचा छोटा फ्यूज घाला, कटकटीचं काम आहे पण एका दुपारचं आहे.

बारीक वायरींचा हिशोब एकदा दाखवतो म्हणजे पटेल. लाईट-हॉर्नसाठी बॅटरीचं व्होल्टेज १२ वर आणणाऱ्या डीसी-डीसी कन्व्हर्टरला समजा १ स्क्वेअरची वायर २ मीटर गेली आणि २ मीटर आली. तांब्याची १ स्क्वेअर वायर मीटरला १७ मिलीओहम, चार मीटरचे ७० च्या आसपास, बॅटरीचे १५ मिळवले की ८५. टोकाला शॉर्ट झाला तर साधारण ९४० अँपिअर. पीव्हीसी वायर किती सोसते त्याचं गणित असं, ११५ गुणिले स्क्वेअर एमएम, त्याचा वर्ग, आणि त्याला करंटच्या वर्गानं भागलं की सेकंद मिळतात. १ स्क्वेअरला ते येतं १५ मिलीसेकंद. तेवढ्यात वायर संपली, आणि ८० चा मेन फ्यूज ९४० अँपिअरला एवढ्या लवकर उडेल यावर मी माझी गाडी सोडणार नाही. म्हणून जिथं जाड वायरीतून बारीक वायर निघते तिथंच तिचा वेगळा फ्यूज. कन्व्हर्टरला ५ चा, डिस्प्ले आणि चावीच्या वायरीला १-२ चा, चार्जिंग पोर्टला चार्जर १५ चा असेल तर २० चा. आणि हे सगळे पण डीसी १०० व्होल्टच्या वरचे, सोलरचे छोटे नळीचे फ्यूज १००० व्होल्ट डीसीचे मिळतात, होल्डरसकट, त्यांनी हे काम छान होतं. चार्जिंग पोर्ट विसरू नका, गाडी बंद असली तरी त्यात बॅटरी जिवंत असते.

बॅटरीचा निगेटिव्ह चासीला जोडू नका, मोटरसायकलची सवय असते म्हणून लोक जोडतात. १२ व्होल्टचा निगेटिव्ह चासीला चालेल पण मग कन्व्हर्टर आयसोलेटेड, म्हणजे आतून मेन बॅटरीशी तारेनं न जोडलेला पाहिजे. मेन बॅटरी चासीपासून सुटी असली की पहिल्यांदा वायर घासली तर काहीच होत नाही, तुम्हाला दुरुस्त करायला वेळ मिळतो. मीटरनं चासी आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांत अधूनमधून व्होल्टेज बघत जा. ठाम आणि स्थिर आकडा दिसला तर कुठंतरी घासलंय.

आणि जोडताना फटकन ठिणगी उडते ती कंट्रोलरमधल्या कपॅसिटरची. त्यानं स्विचचे आणि कॉन्टॅक्टरचे पॉइंट खराब होतात. चावी बंद ठेवून आधी १०० ओहम, १० वॅटच्या रेझिस्टरमधून एक-दोन सेकंद भरू द्या मग मेन जोडा. १०० ओहमनं करंट एक अँपिअरच्या आत राहतो.

काय परिस्थितीवर आहे तेही सांगतो. तुमचे सेल जुने, सेकंडहँड असतील तर शॉर्ट करंट कमी येईल पण एखादा कमजोर सेल आधी मरेल. उद्या शेजारी दुसरा पॅक पॅरलल लावलात तर प्रत्येक पॅकला स्वतःचा फ्यूज पाहिजे, नाहीतर एका पॅकचा शॉर्ट दुसरा पॅक भरत बसतो. गाडी ४८ व्होल्टची असती तर फ्यूजचे पर्याय जास्त होते. आणि हे सगळं तुमच्या शेतातल्या गाडीबद्दल आहे. रस्त्यावर आणायची असेल तर २५० वॅट किंवा २५ च्या स्पीडच्या वरची गाडी मोटार वाहन धरली जाते, तिला मंजुरी आणि आरटीओचं रजिस्ट्रेशन लागतं, घरी बनवलेल्या गाडीला ते सोपं नाही.

तर तुमच्या गाडीला मी असं करेन: २५ स्क्वेअर तांब्याची केबल, दोन टोकांना दोन ८० चे एचआरसी फ्यूज डीसी रेटिंगचे, हाताशी एक कॉन्टॅक्टर किंवा दोन्ही दिशेचा डीसी एमसीबी बंद करायला, बारीक वायरींना वेगळे फ्यूज, आणि सीटखालचा घरातला एमसीबी काढून घरातच वापरायला ठेवा.

सामान यायला आठवडा लागेल तोवर केळीची कटाई थांबणार नाही हे मला माहीत आहे. तेवढे दिवस ६३ चाच राहू द्या, १०० चा करू नका. त्याचे स्क्रू आवळून घ्या, पेटीचं झाकण उघडं ठेवून वारं लागू द्या, कंट्रोलरला सेटिंग असेल तर लिमिट ४० वर आणा आणि नाला चढताना घड निम्मेच भरा. टाँग टेस्टरचा आकडा मिळाला की मला कळवा, ६० च्या वर निघाला तर फ्यूज आणि केबल दोन्हीचा हिशोब परत करून देतो.